संगणकाला बसणारा मुका मार

रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला निघाले की वाटेत आरे आणि वारे ही दोन गावे लागतात. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये खाडी आणि वाळूच्या कडेने सुरूचे बन. पावसाळ्यात तिथली हवा अशी दमट असते, की दांडीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि बरणीतल्या मिठाला पाणी सुटते. अशा मुलखात राहून मी जर म्हणालो, की 'मंडळी, अंगावर साठणाऱ्या विजेपासून आपले संगणक सांभाळा', तर तुम्ही हसाल. 'काय हो सर, ही गोष्ट तिकडे कोरड्या हवेतल्या लोकांना सांगा. आमच्याकडे कसली आली आहे ठिणगी?' असे विचाराल.

हसा खुशाल. मीही कित्येक वर्षे असाच हसत होतो. पण एका जानेवारीत माझे हसू मावळले. ती हकिगत आधी सांगतो, आणि मग तिच्यामागचे शास्त्र.

आरे-वारेच्या बाजूच्या एका शाळेत माझे एक स्नेही शिक्षक आहेत. त्यांच्या शाळेत चार संगणक. ते गावकऱ्यांच्या आणि मुंबईकर चाकरमान्यांच्या वर्गणीतून घेतलेले, त्यामुळे शाळेला त्यांची फार अपूर्वाई. त्यांतला एक पावसाळ्यानंतर सुरू होईना. बटण दाबले, की आतून नुसती शिट्टी वाजे आणि पडदा काळाच राही. या दुखण्यावर आमच्याकडे एक घरगुती औषध सर्वांना पाठ आहे. पेटी उघडायची, आतली मेमरीची पट्टी, म्हणजे जिला सगळे 'रॅम' म्हणतात ती, बाहेर काढायची, तिच्या सोनेरी कडेवर पोरांचा खोडरबर खसाखसा फिरवायचा आणि पट्टी पुन्हा जागेवर बसवायची. खाऱ्या हवेने त्या कडेवर जो मळ धरतो तो निघाला, की संगणक सुरू होतो.

मी पडलो पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, तेव्हा हा मान मला मिळाला. रविवारची सकाळ होती. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहिलेला, हवा कोरडी आणि गार. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो. काम करताना अडचण नको म्हणून अंगातला बिनलोकरीचा, कृत्रिम धाग्याचा स्वेटर डोक्यावरून ओढून काढला. तो काढताना कानाशी बारीक तडतड झाली, ती मी ऐकलीही. पण मनात काही आले नाही. तसाच पेटीत हात घातला, पट्टी काढली, टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या आच्छादनावर ठेवली, खोडरबराने मनसोक्त घासली आणि परत बसवली. संगणक सुरू झाला! मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला चहा-पोहे मिळाले.

पंधरा दिवसांनी स्नेह्यांचा निरोप आला. संगणक चालतो, पण मध्येच बंद पडतो. कधी तासाने, कधी पाच मिनिटांनी. दहावीच्या मुलांचे गुण भरता भरता दोनदा सगळे पुसले गेले आणि पुन्हा पहिल्यापासून भरावे लागले. शेवटी ती पट्टी काढून नवी घातली, तेव्हा दुखणे थांबले. नव्या पट्टीचे पैसे अर्थात मी दिले. माझ्याच हाताने ती पट्टी बिघडली, हे कोर्टात सिद्ध करता येणार नाही. पण ती तडतड माझ्या कानांनी ऐकली होती, आणि वर्गात हाच विषय मी दरवर्षी शिकवत होतो. म्हणून मनाला लागले.

आता ही तडतड म्हणजे काय ते पाहू. दोन वस्तू एकमेकींना लागल्या आणि पुन्हा वेगळ्या झाल्या, की एकीवरचे थोडे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. त्यामुळे एक वस्तू ऋण भाराची होते, दुसरी धन भाराची. घासल्याने ही देवघेव वाढते. राळेसारखा अंबर नावाचा पदार्थ घासला, की तो हलक्या वस्तू ओढतो, ही गोष्ट प्राचीन ग्रीकांना ठाऊक होती. अंबराला ते 'इलेक्ट्रॉन' म्हणत, आणि तोच शब्द आपण आज वापरतो. हा भार जागच्या जागी साठून राहतो, तारेतल्या विजेसारखा वाहत नाही, म्हणून त्याला स्थितिक विद्युत म्हणतात. आकाशातली वीज ही याच जातीची, हे अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने आणि फ्रान्समधल्या प्रयोगकर्त्यांनी १७५२ साली दाखवले. म्हणजे स्वेटरमधली तडतड ही ढगातल्या कडकडाटाची धाकटी बहीण.

तुम्ही खुर्चीवरून उठलात, फरशीवर पाय घासत चाललात, नायलॉनच्या साडीचा पदर सावरलात, प्लॅस्टिकची पिशवी उचललीत, तरी अंगावर भार साठतो. किती साठेल ते हवेवर अवलंबून. या विषयाच्या जुन्या तांत्रिक हस्तपुस्तिकांत एक उदाहरण नेहमी देतात. अगदी कोरड्या हवेत सतरंजीसारख्या जाड कार्पेटवरून माणूस चालला, तर त्याच्या अंगावरचा दाब ३५ हजार व्होल्टपर्यंत चढू शकतो. हवा दमट असेल, तर तोच दीड हजारावर येतो. दमट हवेत प्रत्येक वस्तूच्या पृष्ठभागावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो, आणि त्या थरावरून भार हळूहळू निसटून जातो. आपल्याकडे तर त्या थरात खारही मिसळलेला. कोकणात दार उघडताना बोटाला चटका बसत नाही, याचे कारण हे.

मग प्रश्न मिटला नाही का? नाही. खरी मेख इथेच आहे. माणसाच्या बोटाला ठिणगी जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. त्याहून कमी असेल, तर आपल्याला काहीही कळत नाही. आणि संगणकाच्या काही सुट्या भागांना इजा व्हायला शंभर व्होल्टही पुरतात. आता हिशोब करा. आपल्या दमट हवेतले दीड हजार व्होल्ट हे आपल्या जाणिवेच्या निम्मे, पण त्या नाजूक भागाच्या सहनशक्तीच्या पंधरापट! विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला हिवाळ्यात चटका बसतो, म्हणून तो निदान सावध तरी होतो. आपल्याला चटका बसत नाही, म्हणून आपण निर्धास्त राहतो. ठिणगी जाणवली नाही म्हणजे ती पडलीच नाही, हा आपला गैरसमज.

शिवाय आपली हवा बारमाही सारखी नसते. डिसेंबर-जानेवारीत खाऱ्या वाऱ्याऐवजी मतलई वारा सुटला, की पहाटे आणि सकाळी हवा चांगली कोरडी होते. संगणकाच्या खोलीत वातानुकूलन यंत्र असेल, तर तेही हवेतले पाणी काढून घेते. त्या यंत्राच्या नळीतून बाहेर जे पाणी ठिबकते, ते खोलीतल्या हवेतलेच असते.

तुम्ही विचाराल, की तीन हजार व्होल्ट अंगावर असूनही माणूस मरत कसा नाही? भिंतीतल्या खटक्याचे २३० व्होल्ट तर जीव घेतात! याचे उत्तर सोपे. धबधबा उंचावरून पडतो, पण पाणी ओंजळभरच असेल, तर खाली उभ्या माणसाला काय होणार? अंगावरच्या भाराचा दाब मोठा, पण साठा अगदी थोडा. त्यातली ऊर्जा अर्ध्या मिलिज्यूलच्या आसपास. मात्र हीच ओंजळ मुंगीच्या वारुळावर पडली तर?

संगणकाच्या आत असे वारूळच असते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफरॅक' नावाचा संगणक काम करू लागला. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते. ज्यांच्या घरी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना ते काचेचे दिवे आठवतील. व्हॉल्व्ह हाताने काढा, पुसा, परत घाला, अंगावरच्या भाराचे त्याला काही वाटत नसे. पण त्याच सुमारास, १९५९-६० मध्ये, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मोहम्मद अटाला आणि दावॉन कांग यांनी नव्या घडणीचा ट्रान्झिस्टर बनवला. त्यात सिलिकॉनच्या तुकड्यावर काचेच्या जातीच्या पदार्थाचा एक पातळ पापुद्रा असतो आणि त्या पापुद्र्यावर धातूचे दार. दारावर किती व्होल्ट दिले, त्यावरून खालचा प्रवाह चालू किंवा बंद होतो. आजच्या संगणकाचा मेंदू आणि स्मरण ही दोन्ही याच वंशातली. १९७१ साली इंटेल कंपनीच्या ४००४ या चिपवर असे सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. आज नखाएवढ्या तुकड्यावर ते अब्जावधी असतात.

इतके ट्रान्झिस्टर मावायचे, तर तो पापुद्राही पातळ हवा. आता तो केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. काच हा उत्तम विद्युतरोधक. एक सेंटिमीटर जाडीच्या हवेतून ठिणगी पाडायला सुमारे तीस हजार व्होल्ट लागतात, आणि या पापुद्र्याच्या पदार्थाचा त्याच हिशोबाने विचार केला तर सुमारे एक कोटी. पण पापुद्र्याची जाडी सेंटिमीटरचा वीस लाखावा भाग असेल, तर ती एक कोटी कुठे राहिली? पाच व्होल्टच उरले. चिप बनवणारे हे जाणून असतात. म्हणून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वाटेवर ते आतच पहारेकरी बसवतात. आलेला भार हे पहारेकरी बाजूच्या वाटेने काढून देतात. म्हणूनच पन्नास वेळा निष्काळजीपणा करूनही बहुधा काही होत नाही. पण पहारेकऱ्याचीही ताकद मर्यादित असते, आणि एक्कावन्नाव्या वेळी तो हरतो.

तो हरला, की दोन गोष्टी घडू शकतात. एक तर भाग तिथल्या तिथे मरतो. ते बरे म्हणायचे, निदान कळते तरी. दुसरी गोष्ट जास्त वाईट. पापुद्र्याला बारीक भोक पडते किंवा आतली तार अर्धवट वितळते, पण भाग चालू राहतो. गडी झाडावरून पडावा, वर कुठे खरचटलेले दिसू नये, आणि आठ दिवसांनी तो आतून कळवळू लागावा, तसे हे. आपल्याकडे त्याला मुका मार म्हणतात. हा मार शाळेला जास्त महाग पडतो. मेलेला भाग एकदाच बदलावा लागतो, पण मुका मार बसलेला भाग आधी शिक्षकांचे दिवसचे दिवस खातो. दोष विजेचा का, पोरांचा का, धुळीचा, हे शोधता शोधता माणूस थकतो.

आता उपाय. ते अवघड नाहीत आणि फार खर्चाचेही नाहीत. तत्त्व एकच आहे. आरे-वारेच्या खाडीत भरतीचे पाणी का शिरते? समुद्राची पातळी वर आणि खाडीची खाली, म्हणून. दोन्ही पातळ्या सारख्या झाल्या, की ओढ थांबते. विजेचेही तसेच. तुम्ही, संगणकाची पेटी आणि हातातला भाग, ही तिन्ही एका पातळीवर आली, की ठिणगी पडायला कारणच उरत नाही.

पहिले काम, संगणक रीतसर बंद करून खटक्यातून पिन काढायची. काही परदेशी पुस्तकांत पिन लावून ठेवा म्हणजे पेटीला अर्थिंग मिळेल, असे लिहिलेले असते. तो सल्ला आपल्याकडे मानू नका. खेड्यातल्या इमारतींतले अर्थिंग कित्येकदा नावापुरतेच असते, आणि तार उलटसुलट जोडलेली असेल तर पेटीतच वीज उतरलेली असते. चिप वाचवायच्या नादात माणूस गमवायचा नाही. पिन काढल्यावर सुरू करायचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत राहिलेला साठा बराचसा निघून जाईल. मांडीवरचा संगणक असेल, तर चार्जर काढा आणि बॅटरी निघण्याजोगी असेल तर तीही काढा. वीजपुरवठ्याचा जो बंद डबा आत असतो, तो मात्र कधीही उघडू नका. पिन काढल्यावरही त्यात जिवावर बेतेल एवढी वीज साठून राहू शकते. जुन्या काचेच्या फुगीर पडद्याच्या आतही हात घालू नका.

दुसरे, पेटीच्या उघड्या धातूला हात लावा. रंगावर हात ठेवून उपयोग नाही, कारण रंग विद्युतरोधक असतो. मागच्या बाजूचा स्क्रू किंवा बिनरंगाचा पत्रा धरा. हे एकदाच करून भागत नाही. तुम्ही खुर्चीत हललात, उठून पक्कड आणायला गेलात, की भार पुन्हा साठला. म्हणून डाव्या हाताचे कोपर किंवा मनगट पेटीच्या पत्र्याला टेकलेलेच राहू द्या आणि उजव्या हाताने काम करा. अंगठ्या आणि बांगड्या मात्र आधी उतरवा.

रोज असे काम करणाऱ्याने मनगटी पट्टा घ्यावा. पट्ट्याची तार पेटीच्या धातूला अडकवायची. या पट्ट्यात दहा लाख ओहमचा रोधक घातलेला असतो. चुकून २३० व्होल्टच्या तारेला हात लागला, तरी पट्ट्याच्या वाटेने पाव मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह वाहील, जो आपल्याला जाणवणारसुद्धा नाही, आणि साठलेला भार मात्र क्षणात निघून जाईल. म्हणून सांगतो, पट्ट्याऐवजी मनगटाला उघडी तांब्याची तार गुंडाळून ती खटक्याच्या अर्थिंगच्या भोकात खुपसण्याचा प्रयोग कोणीही करू नये. त्यात रोधक नसतो, आणि आपण स्वतःला विजेच्या दावणीला बांधून घेतो.

तिसरे, बसायची जागा. टेबलावरचे प्लॅस्टिकचे आच्छादन काढा. थर्मोकोलचे तुकडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि चिकटपट्टीची गुंडाळी दूर ठेवा. साधे लाकडी टेबल बरे. कपडे सुती असावेत. स्वेटर काढायचा किंवा घालायचा असेल, तर तो कामाला बसण्याआधी आणि दुसऱ्या खोलीत. आपल्या जुन्या घरातल्या सारवलेल्या जमिनीवर अनवाणी बसणाऱ्या माणसाच्या अंगावर भार टिकतच नाही. पण तसे बसून काम करायचे, तर खटक्यातली पिन काढलेली आहे याची दोनदा खात्री करा.

चौथे, सुटा भाग. तो ज्या चंदेरी पिशवीत येतो ती फेकू नका. तिच्यात धातूचा अतिशय पातळ थर असतो. मायकेल फॅरडेने १८३६ साली दाखवले, की धातूने चहूबाजूंनी वेढलेल्या जागेत बाहेरच्या भाराचा परिणाम पोहोचत नाही. विजा कडाडत असताना एस. टी.च्या पत्र्याच्या गाडीत आपण सुरक्षित असतो, तेच हे तत्त्व. गुलाबी पिशवी मिळते, ती स्वतः भार निर्माण करत नाही एवढेच, बाहेरची ठिणगी ती अडवत नाही. पिशवी उघडण्यापूर्वी ती भागासकट पेटीच्या पत्र्याला टेकवा, मग भाग बाहेर काढा. पट्टी नेहमी दोन टोकांच्या कडांनी धरा, सोनेरी दातांना आणि काळ्या चिपांना बोट लावू नका. भाग बाहेर काढून गप्पा मारत बसू नका, काढला की बसवा. आणि तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा असेल, तर आधी त्याचा हात हातात घ्या, मग वस्तू द्या. म्हणजे दोघांची पातळी एक होते.

आता आपले खोडरबराचे औषध. खाऱ्या हवेने दातांवर मळ धरतो हे खरे, आणि तो काढावा लागतो हेही खरे. पण घासण्याने भार तयार होतो, आणि त्यातून खोडरबर हा विद्युतरोधक! शिवाय खरखरीत रबराने सोन्याचा पातळ मुलामाही निघून जातो, मग पुढच्या पावसाळ्यात मळ अधिकच धरतो. म्हणून आधी वर सांगितल्याप्रमाणे हात पत्र्याला लावून पट्टी नुसती काढून दोन-तीनदा परत बसवून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. न झाल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब स्वच्छ सुती फडक्यावर घेऊन दात हलकेच पुसा आणि पूर्ण वाळू द्या. जवळपास दिवा किंवा काडी पेटती नको. तेही मिळाले नाही, तरच मऊ पांढरा खोडरबर, दुसरा हात पत्र्यावर ठेवून, हलक्या हाताने वापरा.

शिक्षकबंधू आणि भगिनींना एक सुचवतो. हा पाठ फळ्यावर शिकवण्यापेक्षा मुलांच्या हाताने होऊ द्या. प्लॅस्टिकची पट्टी कोरड्या केसांवर दहा वेळा घासायची आणि कागदाचे बारीक तुकडे किती अंतरावरून उचलले जातात ते मोजायचे. हा प्रयोग ऑगस्टमध्ये एकदा करा आणि जानेवारीत सकाळी एकदा करा. दोन्ही वेळचे आकडे वहीत शेजारीशेजारी लिहा. ऑगस्टमध्ये कागद जागचा हलणारही नाही कदाचित. जानेवारीत तो उडी मारील. हवेतले पाणी काय करते, हे मुलांना पुन्हा सांगावे लागणार नाही. आणि जी मुलगी आज कागदाचे तुकडे मोजते, ती उद्या संगणक उघडताना आपण होऊन आधी पत्र्याला हात लावील.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा होऊ लागल्या, की संगणकाची पिन आणि इंटरनेटची तार आधीच काढून ठेवावी, हे तुम्ही करतच असाल. थोरल्या बहिणीला आपण भितो, कारण ती गर्जून येते. धाकटी गुपचूप येते, म्हणून तिची आठवण आपणच ठेवायला हवी. त्या शाळेतल्या संगणकाच्या पेटीवर आता माझ्या स्नेह्यांनी कागदाची एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर तीनच गोष्टी आहेत. पिन काढा. पत्र्याला हात लावा. कडेने धरा. मी गेलो, की मुले मला आधी ती चिठ्ठी वाचायला लावतात, आणि मी मुकाट्याने वाचतो.